सोनोग्राफी डॉक्टरांनी सांगितली की कायद्यानं?

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. मी ३१ वर्षांची, सिडकोत राहते, अंबडला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. चार वर्षांची मुलगी आहे. नवरा नोकरीसाठी मस्कतला असतो. सुट्टीवर येऊन गेले आणि काळजी घेऊनही मला दिवस गेले. आत्ता दुसरं नको, हे आमचं दोघांचं ठरलंय. माझी पाळी एरवीही मागेपुढे होते. सध्या ओटीपोटात डावीकडे अधूनमधून दुखतं.

गोळ्या घ्यायच्या म्हणून एका खासगी रुग्णालयात गेले. तिथल्या मॅडम म्हणाल्या, आधी सोनोग्राफी, कायद्यानं कंपल्सरी आहे. सोनोग्राफीच्या ठिकाणी फॉर्म भरून सह्या घेतल्या, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि ठोके मोठ्यानं ऐकवले. मी नको म्हटलं, तर ‘ऐकावं लागतं’ असं उत्तर मिळालं. रिपोर्टात सहा आठवडे पाच दिवस लिहिलंय. परत गेले तेव्हा मॅडमनी सांगितलं, तीन दिवस विचार करा आणि नवऱ्याची सही आणा. ते इथं नाहीत म्हटल्यावर सासू-सासऱ्यांपैकी कुणाची तरी आणा म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी रुग्णालयातून घरच्या नंबरवर फोन आला आणि तो सासूबाईंनी उचलला. त्यांना आता अर्धंमुर्धं कळलंय.

नणंद टेक्सासला असते. ती म्हणाली, वहिनी, इथंही ठोके ऐकवण्याचा कायदाच आहे. सगळीकडे असंच असतं का? मॅडमशी वाद कसा घालू, त्या एवढ्या शिकलेल्या. आणि ते ठोके ऐकल्यापासून मला झोप नाही.

– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचा प्रश्न दिवसांच्या हिशेबाचा आहे, म्हणून पत्र आलं त्याच संध्याकाळी ईमेलवर थोडक्यात कळवलंय : सही लागत नाही, थांबावं लागत नाही, रिपोर्ट घेऊन सकाळी सिव्हिलला जा. इथं सविस्तर लिहिते आहे ते तुमच्यासारख्या बाकीच्या जणींसाठीही. असं पत्र वरचेवर येतं. कधी सिन्नरहून, कधी ओझरहून. मजकूर तोच असतो.

तुम्हाला ज्या ज्या गोष्टी कायद्याचं नाव घेऊन सांगितल्या, त्यातली एक मीही सांगितली असती. सोनोग्राफी. पण ‘कायद्यानं कंपल्सरी’ म्हणून नाही, कारण ती तशी नाहीच. १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १ एप्रिल १९७२ पासून लागू आहे आणि २०२१ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. सोनोग्राफी केलीच पाहिजे असं मूळ कायद्यात नव्हतं आणि दुरुस्तीतही आलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं तर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सरळ म्हटलंय की गर्भपाताआधी सोनोग्राफीची अट घालू नये.

मग मी का सांगितली असती? तुमची पाळी मागेपुढे होते, म्हणजे तारखेवरून दिवस मोजले तर हिशेब चुकू शकतो. आपल्याकडे या गोळ्यांना मान्यता आहे ती नऊ आठवड्यांपर्यंत, म्हणजे ६३ दिवस. त्याहून महत्त्वाचं तुमचं डावीकडचं दुखणं. गर्भ पिशवीत न रुजता नळीत रुजला असेल तर या गोळ्यांनी तो पडत नाही. नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होतो, आणि बाई समजते की गोळ्यांचंच दुखतंय. हा धोका बघायलाच हवा होता. तुमच्या रिपोर्टात गर्भ गर्भाशयाच्या आत आहे असं वाक्य असेल, ते शोधा. असेल तर सोनोग्राफीचं काम झालं.

तुमच्याच वयाची दुसरी कुणी आली, पाळी घड्याळासारखी, तारीख पाठ, दुखणं काही नाही, तर हातानं तपासून, रक्त बघून मी तिला सोनोग्राफीशिवायही गोळ्या लिहून देऊ शकते. एकीला तपासणी हवी, दुसरीला नको. हे ठरवता यावं म्हणूनच डॉक्टरला एवढी वर्षं शिकवतात.

आता तुमच्या नणंदेचं. ती खोटं बोलत नाहीये, पण तिची माहिती जुनी आहे. टेक्सासनं २०११ साली असा कायदा केला होता. गर्भपाताच्या किमान २४ तास आधी डॉक्टरनं सोनोग्राफी करायची, चित्र दाखवायचं, ठोके ऐकवायचे, आणि पडद्यावर काय दिसतंय ते तोंडानं सांगायचं. चित्र बघायला आणि ठोके ऐकायला बाई नकार देऊ शकत होती. वर्णन मात्र बलात्कारासारखे मोजके अपवाद सोडले तर ऐकावंच लागायचं. तिथले डॉक्टर याविरुद्ध न्यायालयात गेले आणि २०१२ च्या जानेवारीत अपिलात हरले. नॉर्थ कॅरोलिनाच्या अशाच कायद्याचं उलटं झालं. त्यात तर बाईनं डोळे मिटले, कान झाकले तरी डॉक्टरनं वर्णन करतच राहायचं होतं. २०१४ साली तिथल्या अपील न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला, कारण रुग्ण ऐकायला तयार नसताना सरकारचं म्हणणं डॉक्टरच्या तोंडून वदवून घेणं हा डॉक्टरच्या बोलण्याच्या स्वातंत्र्यावर घाला आहे. पुढं केंटकीचा कायदा २०१९ साली पुन्हा वैध ठरला. म्हणजे एकाच देशात, एकाच प्रश्नावर, राज्य बदललं की डॉक्टरनं काय बोलायचं ते बदलतं. आता तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २४ जून २०२२ च्या निकालात गर्भपाताचा घटनात्मक हक्कच काढून घेतला, त्यानंतर टेक्सासमध्ये बाईचा जीव धोक्यात असल्याखेरीज गर्भपातच जवळपास बंद आहे. ठोके ऐकवायचा प्रश्नच उरलेला नाही.

मला विचाराल तर त्या कायद्यांतली सगळ्यात खटकणारी गोष्ट अशी : तपासणीतून काहीही निघालं तरी उपचार बदलणार नाही, हे आधीच ठाऊक असताना ती करायला लावायची. उपचारासाठी केली तर ती तपासणी. बाईला वाईट वाटावं म्हणून केली तर ते दुसरंच काहीतरी आहे, मग ती कितीही महागड्या यंत्रावर होवो. व्हर्जिनियात २०१२ साली यावरून मोठा गदारोळ झाला, कारण इतक्या लवकरच्या दिवसांत नीट चित्र हवं तर प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचा दांडा, योनीमार्गातून घालावा लागतो. वैद्यकीय कारण नसताना तो घालायला कायद्यानं भाग पाडायचं? लोक चिडले, सरकारला मसुदा बदलावा लागला.

आपल्याकडे सोनोग्राफीबद्दल कडक कायदा आहे, पण त्याचा रोख उलट्या दिशेला आहे. तुमच्याकडून भरून घेतला तो बहुधा फॉर्म एफ. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याचा हा फॉर्म गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीला भरावा लागतो. त्यात मुलं किती, मुलगे किती, मुली किती हे विचारतात, गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही अशा निवेदनावर तुमची सही घेतात, आणि सोनोग्राफी कोणत्या वैद्यकीय कारणासाठी केली ते डॉक्टरला लिहावं लागतं. टेक्सासचा कायदा डॉक्टरला विचारत होता, सोनोग्राफी का केली नाहीस? आपला विचारतो, का केलीस? तुमच्या त्या फॉर्मवर ‘कायद्यानं सक्ती’ असं कारण कुणालाही लिहिता आलं नसतं, कारण त्या यादीत ते नाहीच. आणि फॉर्मवर नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव विचारतात ते फक्त नाव. सही नव्हे.

सहीचं सांगते. बाई १८ वर्षांच्या वरची असेल आणि मानसिक आजारामुळं तिला पालक नेमलेला नसेल, तर गर्भपाताला फक्त तिची लेखी संमती लागते. फॉर्म सी म्हणतात त्याला. त्यावर नवऱ्याच्या सहीला जागाच नाही, सासू-सासरे तर फारच लांब राहिले. सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात हे पुन्हा स्पष्ट केलं, आणि डॉक्टरांनी कायद्यात नसलेल्या अटी, म्हणजे घरच्यांची संमती, जादा कागदपत्रं असलं काही, घालू नये असंही म्हटलं. आपल्याला न विचारता बायकोनं गर्भपात केला म्हणून एका नवऱ्यानं डॉक्टरांकडून भरपाई मागितली होती. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात त्याची याचिका टिकली नाही. तीन दिवस थांबायची अट? आपल्या कायद्यात तीन दिवस नाहीत, एक दिवसही नाही.

मात्र एक गोष्ट लपवणं बरं नाही. आपला कायदा ‘बाईला नको, म्हणून गर्भपात’ इतका सरळ हक्क देत नाही. तो डॉक्टरच्या प्रामाणिक मताला मान देतो. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, २० ते २४ मध्ये ठरावीक परिस्थितीत दोघांचं. तुमच्या बाबतीत मत बनवणं अवघड नाही. गर्भनिरोधक फसल्यामुळं राहिलेला नकोसा गर्भ हा बाईच्या मनावरचा गंभीर आघात मानता येईल, असं कायद्यातच लिहून ठेवलंय, आणि २०२१ पासून तिथं ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ याऐवजी ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आलेत.

मॅडम तुमच्याशी अशा का वागल्या असतील, याचाही विचार करा. गर्भपात घडवून आणणं हा मुळात आजही गुन्हा आहे. आधी भारतीय दंड संहितेचं कलम ३१२, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८८. १९७१ चा कायदा त्यात डॉक्टरसाठी एक वाट काढून देतो, एवढंच. महाराष्ट्रात २०१२ साली परळीचं आणि २०१७ साली म्हैसाळचं प्रकरण झालं. ती लिंगनिदानाची आणि बेकायदा गर्भपाताची प्रकरणं होती. पण त्यानंतर तपासण्या वाढल्या, फॉर्म एफमध्ये रकाना रिकामा राहिला तरी मशीनला सील लागतं की काय अशी धास्ती बसली, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही कागदपत्रांतल्या चुकांना वेगळी सूट द्यायला नकार दिला. औषधविक्रेत्यांनी या गोळ्या ठेवणं बंद केलं. माझ्या ओळखीतल्या चांगल्या चांगल्या डॉक्टरांनी ‘नको ती कटकट’ म्हणून गर्भपात करणंच सोडलं. जे करतात ते सह्या गोळा करतात. उद्या नवरा भांडायला आला तर कागद हवा, एवढाच त्यामागचा विचार.

ती भीती मला कळते. पण स्वतःच्या भीतीला कायद्याचं नाव देऊन ती पेशंटच्या डोक्यावर ठेवायची, हे मला मान्य नाही. तिकडचे डॉक्टर न्यायालयात भांडले ते ‘आमच्या पेशंटला काय हवं ते आम्हाला ठरवू द्या’ म्हणून. तो अधिकार आपल्याकडे डॉक्टरच्या हातात आयता आहे, आणि त्याचा उपयोग काय, तर सासूची सही मागायला! राज्यभरातल्या डॉक्टरांना पदवी देणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशकातच, म्हसरूळला आहे. तिथपासून दहा-बारा किलोमीटरवर हे चालतं याचा मला जास्त राग येतो. ज्या डॉक्टरला मनाला पटत नाही म्हणून गर्भपात करायचा नाही, तिनं तसं स्वच्छ सांगावं आणि त्याच दिवशी दुसरीकडे पाठवावं. मी तिला नावं ठेवणार नाही.

आता ते ठोके. ‘ऐकावं लागतं’ हे धादांत खोटं आहे. वैद्यकीयदृष्ट्याही त्याची गरज नव्हती. गर्भ जिवंत आहे का हे पडद्यावरच्या हालचालीवरून कळतं, ठोक्यांची गती मोजायची तर आवाज न करता मोजता येते. आवाज ऐकू येतो तो डॉपलर, म्हणजे हालचालीचा आवाज ऐकवणारी सोनोग्राफीची पद्धत, लावल्यावर, आणि पहिल्या तीन महिन्यांत कारणाशिवाय डॉपलर लावू नये असा अल्ट्रासाउंडच्या तज्ज्ञ संस्थांचाच सल्ला आहे. हौसेनं बाळाची वाट बघणाऱ्या आईच्या बाबतीतही.

तरी ऐकलं ते ऐकलं, आणि झोप उडाली. याचा अर्थ तुमचा निर्णय चुकला असा काढू नका, आणि बरोबर ठरला असाही मी काढून देणार नाही. एका प्रश्नाचं उत्तर स्वतःला द्या : जे वाटतंय ते वाईट वाटणं आहे, की मूल हवंसं वाटणं? वाईट वाटत असूनही पुष्कळ जणी ठरवलेलं करतात आणि नीट सावरतात. दुसरं असेल, खरोखर मन बदललं असेल, तर थांबा, मस्कतला फोन लावा, बोला. तुम्ही मागितलेला वेळ वेगळा आणि तुमच्यावर लादलेले तीन दिवस वेगळे. नऊ आठवड्यांनंतर गोळ्यांऐवजी पिशवी साफ करायची वेळ येऊ शकते, तेवढं मनात ठेवून वेळ घ्या.

वाद घालू नका. घालायची गरजच नाही. त्याच मॅडमकडे जायचं असेल तर शांतपणे इतकंच म्हणा, ‘मॅडम, माझी एकटीची संमती मी फॉर्म सीवर देते. नवऱ्याची सही कोणत्या नियमानं लागते तेवढं मला लिहून द्या.’ लिहून द्या म्हटलं की बऱ्याच अटी आपोआप गळतात. नाही गळल्या तर तुमची फाइल आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट मागून घ्या, तो तुमचा आहे, आणि उठा. सिडकोतून त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय लांब नाही. स्त्रीरोग ओपीडीचा केसपेपर काढा. तिथं पैसे पडत नाहीत. रांग लागेल, बाकड्यावर बसावं लागेल, एखादी सिस्टर खेकसेलही. खासगीतच जायचं असेल तर दर्शनी भागात गर्भपात केंद्राच्या मान्यतेचं प्रमाणपत्र लावलेलं आहे का बघा. गोळ्या बाहेरच्या बाहेर देणारा दवाखाना असेल तर मान्यताप्राप्त केंद्राशी जोडलेला असल्याचा कागद तिथं हवा. आयुर्वेद किंवा होमिओपॅथीच्या डॉक्टरांना या कायद्याखाली गर्भपात करता येत नाही. दुकानातून परस्पर गोळ्या तर आणूच नका.

जाताना हिमोग्लोबिन आणि रक्तगटाचा जुना रिपोर्ट असेल तर बरोबर न्या. रक्त फार कमी असेल तर गोळ्या धोक्याच्या. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीच्या इंजेक्शनबद्दल विचारा. पहिल्या दिवशी एक गोळी, तिसऱ्या दिवशी दुसऱ्या प्रकारच्या, आणि पंधराव्या दिवशी तपासणी, असा साधारण क्रम असतो. ही पंधराव्या दिवसाची फेरी बायका टाळतात. टाळू नका. लागोपाठ दोन तास, तासाला दोन-दोन पॅड भिजत असतील, ताप उतरत नसेल, पोटात असह्य दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर पंधराव्या दिवसाची वाट न बघता लगेच जा. दुसऱ्या गोळ्यांनंतर दिवसभरात रक्तस्राव झालाच नाही, तरी दाखवायचं. मुलगी लहान आहे, तिसऱ्या दिवशी तिला सांभाळायला कुणीतरी घरात हवं, ऑफिसात रजा टाका. पुढं काय वापरायचं, तांबी की आणखी काही, ते त्याच फेरीत विचारून घ्या.

राहिल्या सासूबाई. घरी फोन करणं ही त्या रुग्णालयाची सगळ्यात गंभीर चूक आहे, सहीपेक्षाही. गर्भपात करून घेणाऱ्या बाईचं नाव आणि माहिती डॉक्टरनं कायद्यानं अधिकार असलेल्या व्यक्तीशिवाय कुणालाही द्यायची नाही, असं २०२१ च्या दुरुस्तीत कलमच आहे, आणि ते मोडलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तक्रार करायची असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करता येते. आधी तब्येतीचं उरकून घ्या, मग बघा.

आईंना काय सांगायचं हे तुम्ही दोघं ठरवा. मला वाटतं तुम्ही एकट्यानं सांगण्यापेक्षा तुमच्या यजमानांनी मस्कतहून फोन करून ‘आमचं दोघांचं ठरलंय’ एवढं स्वतःच्या आईला सांगावं. सही लागत नाही, पण हे काम मात्र त्यांचं आहे. तिसऱ्या दिवशी मुलीला सांभाळायला त्याच उपयोगी पडतील कदाचित. आणि सिव्हिलच्या केसपेपरवर घरचा नंबर देऊ नका. स्वतःचा मोबाइल लिहा.